कोणते ओझे माझे?



धर्मग्रामाच्या कोणत्याही बैठकीत एक क्षण हमखास येतो. काम ठरते, तारीख ठरते, आणि मग कुणीतरी विचारते, "हे करणार कोण?" सभा गप्प होते. कुणी खाली बघते, कुणी घड्याळ बघते. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू एकाच व्यक्तीकडे वळतात. ती व्यक्ती थोडेसे हसते आणि म्हणते, "बरं, मी बघते." टाळ्या पडतात, चहा येतो, बैठक संपते.

आजचे चिंतन या "मी बघते" म्हणणाऱ्या माणसांसाठी आहे. आणि त्यांच्याकडे बघणाऱ्या बाकीच्यांसाठी तर ते अधिकच आहे.

अशी माणसे आपणा सर्वांच्या ओळखीची आहेत. पहाटे उठून डबे करायचे, सासूबाईंच्या गोळ्या द्यायच्या, बेलापूरहून लोकल पकडून कामावर जायचे, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घ्यायचा. बुधवारी नोव्हेना, शुक्रवारी समूहाची प्रार्थनासभा, शनिवारी गायकवृंदाचा सराव, रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग. पुरुषांचेही काही वेगळे नाही. रात्रपाळीची नोकरी, गावाकडे थकलेले आईवडील, भावाच्या कर्जाचा जामीन, सोसायटीचे सेक्रेटरीपद, आणि वर सणाची वर्गणी गोळा करण्याचे काम. यांतले एकही काम वाईट नाही. खरी अडचण तीच आहे. वाईट कामाला नकार देताना विवेकबुद्धी आपल्या बाजूने उभी राहते. चांगल्या कामाला "नाही" कसे म्हणायचे, हे मात्र आपल्याला कुणी शिकवलेले नसते.

मग एक दिवस असा येतो की, दिव्यातले तेल संपते आणि वातच जळू लागते. दमलेला माणूस झोपला की ताजा होतो, पण हा माणूस झोपूनही दमलेलाच उठतो. जे काम पूर्वी हौसेने केले, ते आता अंगावर येते. ज्यांच्यासाठी राबलो, त्यांचाच राग येऊ लागतो. प्रार्थनेला बसले की ओठांवर शब्द येतात, मन काही येत नाही. आणि मग माणूस स्वतःलाच दोष देतो: माझीच श्रद्धा कमी पडली असेल.

हा दोष श्रद्धेचा आहे का?

या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली त्यावर लेख लिहिला. न्यूयॉर्कमध्ये गोरगरिबांसाठी मोफत दवाखाना चालत असे. तिथे मनापासून सेवा करणाऱ्यांमध्ये त्याने ही अवस्था पाहिली होती. हे ध्यानात घेण्यासारखे आहे. कामचुकारांत किंवा पैशाच्या मागे धावणाऱ्यांत नव्हे, तर दुसऱ्यांसाठी झिजणाऱ्यांत ती त्याला दिसली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या आपल्या नव्या वर्गीकरणात तिची नोंद केली. ती आजार म्हणून नव्हे, तर नोकरी-व्यवसायातील सततच्या ताणातून येणारी स्थिती म्हणून केली. तिच्या तीन खुणा सांगितल्या आहेत: शक्ती संपून जाणे, कामाविषयी मन दुरावणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. ही व्याख्या नोकरीपुरती असली, तरी घरात आणि सेवाकार्यात राबणाऱ्या अनेकांना या तीन खुणांत स्वतःचाच चेहरा दिसेल.

पवित्र शास्त्राला हा चेहरा नवा नाही. एलीया संदेष्टा आठवा (१ राजे १९). कर्मेल डोंगरावर त्याने मोठा विजय मिळवला होता. लगेच ईजबेल राणीची धमकी आली, आणि हा निर्भय माणूस रानात पळाला. एका रतामाच्या झुडुपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले.

देवाने काय केले? त्याला उपदेश केला नाही. श्रद्धा कमी पडली म्हणून सुनावले नाही. त्याला झोपू दिले. मग देवदूताने त्याला स्पर्श करून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती, पाण्याची सुरई होती. एलीयाने खाल्ले, पाणी प्यायला, आणि पुन्हा झोपला. देवाने पुन्हाही झोपू दिले. दुसऱ्यांदा उठवून परत जेवू घातले, कारण पुढची वाट लांबची होती. होरेब डोंगरावरील ती मंद वाणी त्याने ऐकली, पण ती नंतर. आधी भाकर, पाणी आणि दोन वेळची झोप.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस हे ख्रिस्तसभेचे महान तत्त्वचिंतक. तर्कशास्त्राच्या कसोटीवर एकेक प्रश्न घासून बघणारा हा माणूस. आपल्या 'सुम्मा थिओलॉजिए' या ग्रंथात दुःखावरचे उपाय सांगताना त्यांनी आनंद, अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टींचा उल्लेख केला आहे: झोप आणि स्नान! शरीर हे आत्म्याचे नुसते गाठोडे नाही. शरीराला विसावा मिळाला की मनालाही मिळतो, हे त्यांना ठाऊक होते. तेव्हा थकवा आला म्हणजे पाप झाले, असे कुणी समजू नये.

"मी एकटाच"

पण एलीयाची कथा झोपेवर संपत नाही. होरेबवर देव त्याला विचारतो, की तू इथे काय करतोस? एलीया उत्तर देतो, की मी एकटाच उरलो आहे. देव पुन्हा विचारतो. एलीया तेच उत्तर पुन्हा देतो. त्याच्या थकव्याचे मूळ या एका शब्दात आहे: एकटाच.

देव त्यावर दोन गोष्टी करतो. अलीशाला तुझ्या जागी अभिषेक कर, असे सांगतो. आणि बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात आहेत, अशी त्याला आठवण देतो. एक आणि सात हजार! थकलेल्या माणसाची मोजणी नेहमी चुकते. त्याला वाटते, आपण एक आहोत. त्याच्या आजूबाजूला सात हजार असतात. मात्र त्या सात हजारांनीही कधी तरी पुढे यायला हवे, हे तितकेच खरे.

मोशेचेही असेच झाले (निर्गम १८). सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो लोकांचे न्यायनिवाडे करत बसे आणि लोक त्याच्याभोवती ताटकळत उभे राहत. त्याचा सासरा इथ्रो भेटीला आला. त्याने हे पाहिले आणि जावयाला स्पष्ट सांगितले, की तू करतोस हे बरे नाही; अशाने तूही थकून जाशील आणि हे लोकही थकतील. या बोलण्यातला दुसरा भाग आपण सहसा विसरतो. एकट्याने सगळे ओढणाऱ्यामुळे तो एकटाच थकत नाही, त्याची वाट बघणारेही थकतात. इथ्रोचा सल्ला साधा होता: लायक माणसे निवड, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर नेमून दे, अवघड प्रकरणे तेवढी तुझ्याकडे येऊ देत.

आणि तरीही मोशेवर पुन्हा ती वेळ आली. रानात लोक मांसासाठी रडू लागले, तेव्हा त्याने देवाला सांगितले, की या सर्वांचा भार मला एकट्याला सोसवत नाही, त्यापेक्षा मला मारून टाक (गणना ११). देवाने सत्तर वडीलजनांना बोलावून घेतले आणि मोशेवर असलेल्या आत्म्यातून त्यांनाही दिले. आत्मा वाटल्याने मोशेकडचा आत्मा उणा झाला नाही. काम वाटून दिले तर आपला मान कमी होईल, अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी हा अध्याय घरी जाऊन सावकाश वाचावा.

दोन ओझी, दोन शब्द

आता मुख्य प्रश्न. कोणते काम वाटून द्यायचे आणि कोणते स्वतः करायचे? सगळेच दुसऱ्यावर टाकले तर तो आळस होईल. सगळेच स्वतःवर घेतले तर आपण मोडून पडू.

संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात याचे उत्तर आहे. दुसऱ्या वचनात तो म्हणतो, की एकमेकांची ओझी वाहा. आणि तीनच वचनांनंतर, पाचव्या वचनात म्हणतो, की प्रत्येकाने आपापला भार वाहावा. वाचताना वाटते, हे तर परस्परविरोधी आहे! पण मूळ ग्रीक भाषेत हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला शब्द 'बारोस'. त्याचा अर्थ दाबून टाकणारे वजन. दुसरा शब्द 'फोर्तिओन'. त्याचा अर्थ ज्याचा त्याने न्यायचा भार. प्रेषितांच्या कृत्यांत जहाजावरील मालाला हाच शब्द वापरला आहे (२७:१०).

आपल्या दिवाळ्याच्या जेट्टीवर उभे राहिले तर हा फरक डोळ्यांना दिसतो. प्रत्येक होडीचा आपला भार असतो. जाळी, बर्फ, मासळी. तो तिने वाहायचाच. रिकाम्या होडीला समुद्रावर काय काम? पण होडी जेव्हा किनाऱ्यावर ओढून घ्यायची असते, तेव्हा कुणी नाखवा एकटा ती ओढत नाही. दहा हात लागतात, एका सुरात जोर लागतो. एकट्याने ओढायला गेलेल्या माणसाला आपण शूर म्हणणार नाही. त्याची पाठ धरेल, एवढेच आपण म्हणू.

आपल्या जीवनातही तसेच आहे. माझी प्रार्थना, माझा प्रामाणिकपणा, माझ्या मुलांवरील माझे प्रेम, नोकरीत नेमून दिलेले माझे काम, हा माझा भार आहे. तो दुसरा कुणी उचलू शकत नाही. पण वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईची शुश्रूषा, भावाचे बुडालेले कर्ज, संपूर्ण धर्मग्रामाचा सण, ही होडी ओढण्यासारखी कामे आहेत. ती एकाच्या खांद्यावर टाकणे हा त्याच्या त्यागाचा गौरव नव्हे. पौलाची आज्ञा आपण सर्वांनी मिळून मोडली, एवढाच त्याचा अर्थ.

आणि प्रभू येशू जेव्हा कष्टी आणि भाराक्रांत जनांना आपल्याकडे बोलावतो, आपले ओझे हलके आहे असे म्हणतो (मत्तय ११:२८-३०), तेव्हा तिथेही 'फोर्तिओन' हाच शब्द आहे. प्रभू मला ओझेमुक्त करत नाही. तो मला माझ्या मापाचा भार देतो. तेव्हा माझा भार मला चिरडत असेल, तर विचारावे: हा प्रभूने दिलेला आहे की मी इकडून तिकडून गोळा केलेला?

संतांनीही हात मागितले

संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यास पोचले. पुढे ते दक्षिणेकडील मच्छीमार किनाऱ्यावर, मोती काढणाऱ्या आणि मासे धरणाऱ्या परव लोकांमध्ये गेले. जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले, की बाप्तिस्मा देऊन देऊन आपले हात थकून जातात आणि प्रार्थना म्हणून म्हणून आवाज बसतो. त्याच पत्रात ते युरोपातील विद्यापीठांची आठवण काढतात. तिथे जाऊन वेड्यासारखे ओरडून विद्वानांना सांगावे, की इकडे माणसे हवी आहेत, असे त्यांना वाटते. ज्यांच्या दर्शनाला आपण जुन्या गोव्याला जातो, ते संत आपले हात दुखतात हे लपवत नाहीत. मदत मागणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही.

पहिल्या ख्रिस्तसभेनेही हेच केले. यरुशलेममध्ये रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची आबाळ होते, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी ते कामही आपल्याच अंगावर घेतले नाही, आणि कुरकूर करणाऱ्यांना गप्पही बसवले नाही. सात जण निवडले, त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली (प्रेषितांची कृत्ये ६). तक्रारीतून नवी सेवा उभी राहिली.

रविवार कुणाचा?

आज रविवार आहे. आपल्याला हा दिवस आयता मिळाला आहे असे वाटते. पण मुंबईच्या गिरणी कामगाराला तो आयता मिळाला नव्हता. एकोणिसाव्या शतकात साहेबांच्या कचेऱ्या रविवारी बंद असत, पण गिरणीत आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांची संघटना उभारली. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. तब्बल सहा वर्षे त्यांनी हा लढा चालवला. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

लोखंड्यांनी काय ओळखले होते? एकटा कामगार विसावा मागायला गेला तर त्याला आळशी ठरवून घरी बसवतील. विसावा सर्वांनी मिळून, सर्वांसाठी मागावा लागतो. अनुवादाच्या पुस्तकातील शब्बाथाची आज्ञा नेमके हेच सांगते (अनुवाद ५:१२-१५). तू विसावा घे, आणि तुझ्या दासाला व दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळू दे; कारण तूही मिसरात गुलाम होतास, हे विसरू नकोस. विसावा ही देवाची आज्ञा आहे, आणि ती आपल्या हाताखालच्यांसाठीही आहे.

मग आपल्या घरातला रविवार कुणाचा, हे आज विचारू या. मिस्सा झाली, घरी आलो, पाय पसरून टीव्ही लावला. मटण शिजते आहे. कोण शिजवते आहे? ज्या बाईने सहा दिवस घर आणि नोकरी सांभाळली, तिच्या वाट्याला रविवारी दुप्पट स्वयंपाक येत असेल, तर त्या घरात अजून १० जून १८९० उजाडलेला नाही.

आपल्या शेजारचे कोळी बांधव ही गोष्ट आपल्याहून चांगली जाणतात. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असते, पाण्याला ओढ असते. अष्टमीच्या सुमारास भांग येते, पाणी मंदावते. भांगेच्या दिवसांत कुणी समुद्राशी भांडत बसत नाही. जाळी वाळत घालतात, फाटलेली तुणतात. पावसाळ्यात मासळीच्या विणीच्या काळात होड्या किनाऱ्याला लागतात. मासळीला वाढायला वेळ दिला नाही तर पुढे जाळ्यात काही येणार नाही, हे त्यामागचे शहाणपण आहे. येशूने याकोब आणि योहान यांना बोलावले, तेव्हा ते मासे धरत नव्हते. होडीत बसून जाळी नीट करत होते (मार्क १:१९). जाळी तुणणे हेसुद्धा मासेमारीचेच काम आहे. झोप, शांत प्रार्थना, मुलांबरोबर खाडीकिनारी मारलेला फेरफटका, हा सेवेतून चोरलेला वेळ नव्हे. ती आपली जाळी तुणण्याची वेळ आहे.

माझ्यावाचून अडेल?

कफर्णहूमात एका संध्याकाळी सगळे गाव येशूच्या दाराशी लोटले होते. त्याने पुष्कळांना बरे केले. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो एकांती जाऊन प्रार्थना करू लागला. शिष्य शोधत आले, म्हणाले, की सर्व लोक तुला शोधत आहेत. येशू परत फिरला नाही. त्याने पुढच्या गावांची वाट धरली (मार्क १:३२-३८). कफर्णहूमात त्या सकाळीही कुणीतरी आजारी असेलच. देवाचा पुत्र असूनही त्याने प्रत्येक हाकेला तिथल्या तिथे उत्तर दिले नाही. पित्याने कशासाठी पाठवले आहे, ते त्याने पाहिले. तारणारा एकच आहे, आणि ती जागा रिकामी नाही. आपण तिच्यासाठी अर्ज करू नये.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, आपली शक्ती आता या सेवेस पुरत नाही असे जाहीर करून पद सोडण्याचा निर्णय कळवला. १४१५ नंतर कोणत्याही पोपने पद सोडले नव्हते. त्या महिन्याच्या अखेरीस ते पायउतार झाले. ख्रिस्तसभा थांबली नाही. मग आपल्या एका समितीचे पद सोडल्याने ती कशी थांबेल?

पण इथे कुणी म्हणेल, "फादर, समिती सोडता येईल. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, ते कसे सोडू?" हा प्रश्न खरा आहे, आणि त्याला "विश्रांती घ्या" हे उत्तर देणे क्रूरपणाचे आहे. येशू शिष्यांना विसाव्यासाठी एकांती घेऊन गेला, तेव्हा लोक त्यांच्या आधीच तिथे पोचले होते. त्याला त्यांचा कळवळा आला. ठरलेला विसावा पुढे ढकलला गेला (मार्क ६:३०-४६). पण तो रद्द झाला नाही. लोकांना जेवू घातल्यावर त्याने शिष्यांना होडीतून पुढे पाठवले, आणि स्वतः डोंगरावर प्रार्थनेस गेला. आणि हेही बघा, की त्या जेवणाच्या वेळी भाकरी वाटण्याचे काम त्याने शिष्यांना दिले होते.

ज्यांना आपले ओझे खाली ठेवता येत नाही, त्यांच्यासाठी उपाय एकच: इतरांनी खांदा द्यावा. हा 'बारोस' आहे, आणि त्याची जबाबदारी आपली आहे. आपण अशा घरी जातो, बसतो, आणि निघताना म्हणतो, "काही लागलं तर सांगा हं." थकलेला माणूस कधीच सांगत नाही. सांगण्याचीही शक्ती त्याच्यात उरलेली नसते. त्याऐवजी असे म्हणून बघा: "ताई, गुरुवारी दुपारी दोन ते पाच मी आईंजवळ बसते. तुम्ही झोपा, नाहीतर बाजारात जाऊन या." वार ठरवून, वेळ ठरवून, आणि ठरवल्याप्रमाणे जाऊन.

या आठवड्यासाठी

चिंतन ऐकून सोडून देण्यासाठी नसते, म्हणून चार गोष्टी सुचवतो.

१. एका कागदावर आपल्या सर्व जबाबदाऱ्या लिहा. मधोमध रेघ ओढा. एका बाजूला माझा स्वतःचा भार, दुसऱ्या बाजूला सर्वांनी मिळून ओढायची होडी. दुसऱ्या बाजूचे निदान एक काम या महिन्यात कुणाकडे तरी सोपवा. ते तुमच्याइतके चांगले होणार नाही. होऊ द्या तसेच.

२. आपल्या समूहातील एक थकलेले घर निवडा आणि तिथे ठरलेल्या वाराला, ठरलेल्या वेळेला जा.

३. पुढच्या रविवारी घरातील जेवण रोज करणाऱ्या व्यक्तीखेरीज दुसऱ्या कुणीतरी करावे. पिठलं-भात झाला तरी तो सण समजावा.

४. झोप उडाली आहे, अन्न जात नाही, कशातच गोडी वाटत नाही आणि असे दोन आठवडे चालले असेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जा. सरकारची 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे नव्हे. देवदूताने आणलेली भाकर एलीयाने नाकारली नव्हती.

धर्मग्राम म्हणूनही आपल्याला काही करायला हवे. एका व्यक्तीकडे एका वेळी दोनपेक्षा अधिक जबाबदाऱ्या नसाव्यात आणि दर तीन वर्षांनी प्रत्येकाने वर्षभर विसावा घ्यावा, असा प्रस्ताव मी धर्मग्राम परिषदेपुढे ठेवणार आहे. यामुळे काही कामे अडतील. कदाचित यंदाचा नाताळचा गोठा लहान होईल. बेथलेहेमातलाही मोठा नव्हता.

आणि पुढच्या बैठकीत "हे करणार कोण?" असा प्रश्न आला, की नेहमीच्या त्या व्यक्तीकडे कुणी बघू नये. ज्याने आजवर कधी हात वर केला नाही, त्याने या वेळी करावा.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, वादळातही तू होडीच्या मागच्या बाजूस उशीवर डोके टेकून झोपलास, कारण तुझा भरवसा पित्यावर होता. आमच्या धर्मग्रामातील थकलेल्यांना तसा विसावा दे. जे भार आमचे आहेत, ते वाहण्याची शक्ती दे. जे आमच्या एकट्याचे नाहीत, ते वाटून घेण्याची नम्रता दे. आणि आमच्या शेजारी कुणी एकटेच होडी ओढत असेल, तर बघत उभे न राहता आम्ही पाण्यात उतरावे, असे कर. पवित्र मरीये, अलीशिबेच्या घरी तीन महिने राहून तू तिला आधार दिलास; आम्हासाठी विनंती कर. आमेन.

ख्रिस्तामध्ये आपला,
धर्मगुरू